पिवळ्या भिंती झाल्या, ओट्याचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतले पाँडिचेरीवरचे पान वाचले. एकदा चहाबरोबर वाचले, मग सौ.ने मोठ्याने वाचून दाखवले आणि काल सोमवारी रद्दीत ठेवण्याआधी पुन्हा वाचले. तरी चिडचिड गेली नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

लेखकाची भाषा छान आहे, त्याबद्दल अभिनंदन. त्यांनी तिथे तीन दिवस काढले आणि तिन्ही दिवस ते भिंतींकडे बघत होते एवढेच माझे म्हणणे. पिवळी भिंत, पांढरी किनार, वरून ओथंबलेली बोगनवेल, खाली टेकवलेली सायकल, मग कॉफी, मग पुन्हा भिंत. आम्ही दोघे मागच्या जानेवारीत तिथे पाच दिवस होतो. रेल्वेने चेन्नई, तिथून किनाऱ्याच्या रस्त्याने बसने दीडशे किलोमीटर. त्या भिंती आम्हीही बघितल्या, पाच मिनिटे.

आधी फोटोचे बोलतो. पानभर फोटो आणि खाली ओळ, ‘सोनेरी वाळूचा अथांग किनारा’. फोटोत वाळूचा एक कण दाखवा. सगळे काळे धोंडे आहेत. गावासमोर पूर्वी वाळू होती, ही गोष्ट खरी. पण ऐंशीच्या दशकात दक्षिणेला नवे बंदर झाले आणि त्याचे बांध समुद्रात शिरले. त्या किनाऱ्यावर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते. ती बांधापाशी अडली. गावासमोर होती ती लाटांनी नेली, नवी येईना, मग रस्ता वाचवायला धोंडे टाकावे लागले. अलीकडे पाण्यात बांध घालून एका टोकाला थोडी वाळू परत आणली आहे, पण तुमचा फोटो तिथला नाही. छापण्याआधी कोणी फोटोकडे बघते की नाही?

दुसरे, ‘फ्रेंचांनी पट्टीने आखलेले नगर’. पट्टी डचांची होती हो! फ्रेंच तिथे १६७४ मध्ये आले. १६९३ मध्ये डचांनी गाव घेतले, १६९९ पर्यंत ठेवले, आणि त्या मधल्या काळात काटकोनात रस्ते आखले. १६९४ चा त्यांचा आराखडा प्रसिद्ध आहे. पुढे १७६१ मध्ये इंग्रजांनी गाव जमीनदोस्त केले आणि १७६५ पासून फ्रेंचांनी त्याच जुन्या रेषांवर परत उभे केले. म्हणजे पडले, पाडले, पण रेष हलली नाही. मी चौतीस वर्षे ड्राफ्टिंग टेबलावर काढली आहेत, मला या वाक्याचे जे वाटते ते तुमच्या उपसंपादकांना वाटणार नाही, जाऊ द्या.

आता मूळ मुद्दा. लेखात गावाला दुभागणाऱ्या कालव्याच्या पश्चिमेचे गाव एका ओळीत उरकले आहे: ‘पलीकडे तामिळ वस्ती आहे.’ आहे ना! तीच तर बघायची. समुद्राकडच्या फ्रेंच घरांना उंच कुंपणभिंत आणि बंद फाटक. वाटसरूने बाहेरून बघायचे आणि पुढे जायचे. कालवा ओलांडला (वास येतो, अगदी आपल्या नागपूरच्या नागनदीचाच, तेही लेखात नाही) की घर रस्त्याशी बोलायला लागते. दाराच्या दोन्ही अंगांना बसायचे पक्के ओटे, त्याला तिण्णै म्हणतात. त्याच्या पुढे रस्त्याच्या बाजूला लाकडी खांबांवर उतरते कौलारू छप्पर, ते तालवारम. ते घरच्यांसाठी नाहीच. येणाऱ्याजाणाऱ्याला उन्हापावसात सावली मिळावी म्हणून घरमालकाने आपल्या खर्चाने केलेली सोय. एका घराचे संपले की दुसऱ्याचे सुरू. काल्वे सुब्बराय चेट्टी रस्ता, ज्याला वैश्याळ रस्ता म्हणतात, तिथे अशी एका रांगेतली दर्शनी बाजू दुरुस्त करून जपली आणि त्याला २००८ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

मी तिथे खिशातून टेप काढला. सौ. म्हणाली, “अहो, लोक काय म्हणतील!” मी मोजेपर्यंत ती एका घराच्या तिण्णैवर बसली. आतून एक आजी आल्या. त्यांना मराठी येत नव्हते, आम्हाला तामिळ येत नव्हते. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि स्वतः समोरच्या ओट्यावर बसल्या. वीस मिनिटे दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या. कोणी विचारले नाही की तुम्ही कोण, इथे का बसलात.

तिथे बसल्या बसल्या मला माझ्या ओट्याची आठवण झाली आणि ट्रिपचा विचका झाला, असे सौ. अजून म्हणते.

आमचे घर वडिलांनी १९६८ मध्ये बांधले. पुढे छपरी, छपरीपुढे ओटा, ओट्याला पाच पायऱ्या, प्रत्येक सहा इंचांची. गवंडी चारच करणार होता. वडिलांनी पाचवी करायला लावली, कारण नागपूरचा पाऊस आठ दिवसांचे काम एका रात्रीत उरकतो, हे त्यांना ठाऊक होते. उन्हाळ्यात रात्री अर्धी गल्ली त्या ओट्यावर असायची. मटक्यातले पाणी, पत्ते, दहावीचा निकाल, जमलेली लग्ने, मोडलेली लग्ने, सगळे तिथे. दुपारी पोस्टमन टेकायचा, संत्रीवाली टोपली उतरवून ठेवायची.

मग गल्लीत डांबर आले. स्वागत केले. काही वर्षांनी त्याच डांबरावर डांबर आले, मग त्यावर आणखी. जुना थर खरवडून मगच नवा टाकायचा असतो, हे पुस्तकात आहे, गल्लीत नाही. पाचाच्या चार पायऱ्या झाल्या, चाराच्या तीन. मग सिमेंटचा रस्ता आला आणि त्याने एका दमात दोन खाल्ल्या. उरली एक. त्या दिवशी मी कामावरच्या माणसाला विचारले की बाबा रे, लेव्हल कोणी दिली? तो म्हणाला, “काकाजी, रोड तं वरच येनार नं! तुमी घर उचलून घ्या. जॅक लावून उचलतात आजकाल.”

थट्टा नव्हती. खरेच उचलतात. आमच्या मागच्या गल्लीत एकाने उचलून घेतले.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेचे मी नव्याने सांगत नाही, तुमच्या वाचकांपैकी निम्म्यांच्या घरात ते पाणी होते. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी रस्त्यावर आली. आमच्याकडे नदी आली नाही. आमच्याकडे रस्ता आला. गल्लीवर पडलेले सगळे पाणी सिमेंटवरून घरंगळत ओट्यावर चढले, छपरीतून बैठकीत, बैठकीतून स्वयंपाकघरात. गव्हाची कोठी गेली. दिवाणाखालच्या पेटीत वडिलांनी ठेवलेला घराचा निळा नकाशा होता, जुन्या ब्लू प्रिंटचा, त्यावर त्यांच्या हस्ताक्षरात जोत्याची उंची: रस्त्यापासून २ फूट ६ इंच. तो मी दोरीवर दोन दिवस वाळत घातला. शाई पसरली, पण आकडा वाचता येतो.

तो नकाशा घेऊन मी एका कार्यालयात गेलो. नाव लिहीत नाही, तुम्ही छापणारही नाही. साहेबांनी नकाशा उलटा धरून बघितला. मी सुलटा करून दिला. ते म्हणाले, ‘हा मंजूर नकाशा आहे का?’ मी म्हटले, ‘मंजुरी घराची नाही, रस्त्याची विचारतो आहे. अडीच फुटांचे सहा इंच कोणी केले?’ त्यांनी अर्ज घेतला, शिक्का मारला, पोच दिली. सौजन्याने वागले, मी खोटे कशाला बोलू.

चार महिन्यांनी दारात माणूस आला, तोही टेप घेऊन. मला बरे वाटले की लेव्हल तपासायला आला. त्याने ओटा मोजला. पुढच्या महिन्यात नोटीस: आपल्या घराचा ओटा नालीच्या हद्दीत नऊ इंच पुढे आलेला असून हे अतिक्रमण स्वखर्चाने काढून घ्यावे.

आता सांगा, पाँडिचेरीतले ते छप्पर रस्त्याच्या बाजूला उभे आहे, त्याला पुरस्कार. माझा ओटा नऊ इंच पुढे, त्याला नोटीस. आणि तोही ओटा पुढे गेलेला नाही! १९६८ मध्ये नाली पलीकडे होती. रस्ता रुंद करताना ती अलीकडे आणली, तेव्हा मी खिडकीतून बघत होतो. वाळूसारखेच आहे. बांध एकीकडे घालायचा आणि भोक दुसऱ्याच्या घराला पडायचे.

पाँडिचेरीत सगळे आलबेल आहे असे कोणी समजू नये. तिथलीही जुनी घरे पडताहेत, पाडताहेत. समुद्रासमोरची जुनी नगरपालिकेची इमारत, मेरी, २०१४ च्या पावसात कोसळली. नंतर तशीच्या तशी पुन्हा बांधली, एवढाच फरक. संध्याकाळी समुद्राकडचा रस्ता वाहनांना बंद असतो आणि म्हातारी माणसे हात हलवत मधून चालतात. हेही लेखात असते तर बरे झाले असते, पण भिंतींनी जागा खाल्ली. आणि गोलकुंड! अरविंद आश्रमाची ती निवासाची इमारत १९३० च्या दशकात अँटोनिन रेमंड या वास्तुकाराने आखली. हैदराबादच्या निजामाच्या देणगीतून उभी राहिली म्हणून गोवळकोंड्यावरून हे नाव. सगळी काँक्रीटची, आणि खिडक्यांच्या जागी भिंतभर उघडझाप होणाऱ्या आडव्या पट्ट्या. आत लोक राहतात, म्हणून आम्ही रस्त्यावरूनच बघितली. काँक्रीट असेही वापरता येते! आमच्या गल्लीत ते फक्त चढते.

जाता जाता आणखी एक. त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात वर्धा रोडवरच्या एका टाउनशिपची जाहिरात होती: ‘फ्रेंच स्टाईल व्हिला, समुद्रकिनाऱ्याचा फील’. नागपुरात! वरचा लेख आणि खालची जाहिरात एकमेकांना ओळखतात का, हे तुम्हीच सांगा. मी साइटवर फोन करून विचारले की घरापुढे बसायला ओटा आहे का. मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, सर, तळमजल्यावर पार्किंग आहे, क्लबहाऊसमध्ये सिटिंग आहे, मेंबरशिप वेगळी.

माझे मागचे पत्र तुम्ही छापले होते, पण पायऱ्यांचा परिच्छेद कापून. उरले ते वाचून शेजाऱ्यांना वाटले की मी सिमेंट रस्त्यांचे कौतुक केले आहे. दोघांनी अभिनंदनही केले. या वेळी कापायचेच असेल तर गोलकुंड कापा.

ओट्याची सुनावणी गुरुवारी अकरा वाजता आहे. निळा नकाशा आणि टेप नेणार आहेच. तुमचे ते पानही नेतो. रद्दीतून परत काढले आहे. मोठ्या फोटोत काही नाही, पण खालच्या छोट्या फोटोत डाव्या कोपऱ्यात, सायकलच्या मागे, चुकून एका घराचा तिण्णै आला आहे. अर्धा कापलेला आहे, पण साहेबांना दाखवायला पुरेल.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन, धरमपेठ, नागपूर
(नाव छापू नये. गुरुवारनंतर चालेल.)