मयत काय ७२ तास आधी सांगून होते?

डिसेंबर २०२१

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोरोनामुळे विदेशातून येणाऱ्या प्रवाशांसाठी राज्याने काढलेल्या ‘सुधारित आदेशा’ची बातमी काल वाचली. ३० नोव्हेंबरला राज्य म्हणतं, जोखमीच्या देशांतून आलेल्यांना सात दिवस संस्थात्मक विलगीकरण, म्हणजे घरी न जाता ठरवून दिलेल्या जागी वेगळं राहणं. १ डिसेंबरला केंद्र म्हणतं, हे आमच्या नियमांशी जुळत नाही. २ तारखेला राज्य पुन्हा आदेश बदलतं. त्या दोन दिवसांत जे विमानात बसले होते त्यांनी कोणाचं ऐकायचं, हे बातमीत नव्हतं. आदेश काढणाऱ्यांना तरी ठाऊक असावं.

मुंबईत उतरून मुंबईतच घरी जाणाऱ्याचं कसंही निभतं. मरण आहे ते पुढचं विमान पकडणाऱ्याचं.

आमचे थोरले बंधू यंदाच मार्चमध्ये वारले. पुतण्या लंडनला नोकरीला. तेव्हा केंद्राच्या ‘एअर सुविधा’ पोर्टलवर कोरोनाच्या आरटीपीसीआर चाचणीचा अहवाल टाकावा लागे. घरात मृत्यू झाला असेल तर त्यातून सूट होती, पण अर्ज विमानात बसण्याच्या ७२ तास आधी! शिवाय कागद जोडा. आमच्या ग्रामसेवकाकडे तीन गावांचा चार्ज. दाखला मागितला तर म्हणाले, “भाऊ, उद्या या, आज मी पंचायत समितीत आहो.” पुतण्याने सवलतीचा नाद सोडला आणि तिकडेच चाचणी करून निघाला.

दिल्लीत उतरताच पुन्हा नाकात काडी. ब्रिटनहून आलेल्याने नमुना द्यायचा आणि निगेटिव्ह निघाला तरच नागपूरचं विमान. चाचणीला आमची हरकत नाही, त्या महिन्यात गावात घरटी खोकला होता. पण दोन विमानांमध्ये सहा ते आठ तास ठेवा, हे तिकीट काढतानाच विमान कंपनीने प्रवाशाला सांगायचं, असंही त्याच नियमावलीत होतं. पुतण्याला कंपनीने तीन तासांच्या अंतराचं तिकीट विकलं, तेही एकत्रच. अहवाल हाती येईतो नागपूरचं विमान उडून गेलं. काउंटरवर उत्तर काय, तर प्रवासी गैरहजर, पैसे परत नाहीत. माणूस विमानतळाच्या आत, नियमानेच बसवून ठेवलेला, आणि म्हणे गैरहजर!

इकडे वहिनींनी राख सावडायचं थांबवून धरलं होतं. दुपारपर्यंत वाट पाहून अखेर धाकट्या मुलाने अडाण नदीच्या काठी सावडली. थोरला मुलगा, म्हणजे हा लंडनचा पुतण्या, व्हिडिओ कॉलवर. मागे घोषणा चाललेल्या, तोंडावर मास्क, आणि नदीवर रेंज गेल्याने त्याचा चेहरा तसाच थिजलेला.

आता वर्षश्राद्धाला येऊ का, म्हणून विचारतो. ब्रिटन पुन्हा जोखमीच्या देशांच्या यादीत, पुन्हा निकालाशिवाय पुढचं विमान नाही. मी त्याला काय सांगू? निकाल उशिरा आला तर त्याच पैशात पुढच्या विमानात बसवा, एवढी एक ओळ आदेशात घालायला कोणाचं काय जातं?

बरं, नागपूरला उतरला तरी दारव्ह्यापर्यंत येणार कसा? एसटीचा संप सुरू आहे, खासगीवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात. आपला अंकही हल्ली आम्हाला दुपारी मिळतो, गठ्ठा जीपवाल्याच्या मर्जीवर. त्यात रविवारची पुरवणी नसतेच. ती मधल्यामध्ये कोण काढून घेतो, याचाही कृपया तपास व्हावा.

आपला,
एक जुना वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ