वाटी ठेवलीस, आता पिंजराही आण

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

जिन्यात मांजरांना खायला घालणं बंद करा, या सोसायटीच्या नोटिशीचा तू पाठवलेला फोटो पाहिला. फोनवर तुझा आवाज भरून आला होता, म्हणून तेव्हा जास्त बोललो नाही. मांजरांना खायला घालणं अजिबात थांबवू नकोस. पण आज जसं चाललंय तसं चालवूही नकोस. पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीची वर्षं काढलेला तुझा बाप हे सांगतोय, तेव्हा नीट वाच.

आधी नोटिशीचं. सजीवांविषयी दयाभाव बाळगणं हे आपल्या राज्यघटनेने नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहून ठेवलंय, अनुच्छेद 51 अ मध्ये. 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम त्याही पुढे जातात. वस्तीतल्या बेवारस जनावरांच्या खाण्याची व्यवस्था रहिवाशांच्या संघटनेने करून द्यावी, असं त्यात आहे. पण त्याच नियमांत हेही आहे की ती जागा मुलांच्या खेळण्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून आणि जिन्यापासून लांब हवी, वेळ ठरलेली हवी, आणि घालणाऱ्याने तिथे घाण ठेवता कामा नये. म्हणजे जिन्याबद्दलची त्यांची तक्रार रास्त आहे. नियमांचा कागद घेऊन भांडायला जाऊ नकोस. मागच्या भिंतीलगत, पंपाच्या खोलीकडे जागा माग. मिळेल. तुमचे सेक्रेटरी वाईट माणूस वाटत नाहीत, चार घरांचं बोलणं खाऊन वैतागलेले वाटतात.

आता मुख्य गोष्ट. तुझ्याकडे दोन भाट्या आणि एक बोका येतो म्हणालीस. भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यातच गाभण राहू शकते. साधारण दोन महिन्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. भरल्या पोटाची मांजरं जास्त पिल्लं जगवतात, त्यामुळे नुसतं खायला घातलंस तर वर्षाच्या आत वाटीभोवती किती तोंडं जमतील याचा विचार कर. त्यातली कितीतरी गाडीखाली किंवा रोगाने मरतील, तुझ्या डोळ्यांदेखत. मला ते तुझ्यासाठी नको आहे आणि त्या पिल्लांसाठीही नको आहे. ज्याने वाटी ठेवली त्याने नसबंदी करून घ्यायची, असं माझं ठाम मत आहे.

आणि शेजाऱ्यांच्या तक्रारींचं मूळही तिथेच आहे. रात्रीचं ओरडणं, बोक्यांची मारामारी, दारावर उडवलेल्या मुताचा उग्र वास, हे सगळं बहुतेक माजावर आलेल्या जनावरांचं असतं. नसबंदीनंतर पुष्कळच निवतं. मांजरं उचलून लांब नेऊन सोडा म्हणणारे असतातच. त्यांना सांग, जागा आणि उष्टं-खरकटं तिथेच राहिलं की दुसरी येतात, आणि त्यांची नसबंदी झालेली नसते.

पकडायचं कसं? ठरलेल्या वेळी खायला घालण्याचा खरा उपयोग इथे होतो. रोज त्याच वेळी दे, अर्ध्या तासाने वाटी उचल. मांजर घड्याळासारखं हजर व्हायला लागेल. मग आत पाय पडला की दार पडतं तो सापळ्याचा पिंजरा आण. प्राण्यांचं काम करणाऱ्या संस्था बहुधा वापरायला देतात. पहिले काही दिवस दार बांधून उघडं ठेव आणि आतच खायला दे, म्हणजे धास्ती जाईल. डॉक्टरांशी दिवस ठरला की आदल्या रात्रीचं खाणं बंद, पण किती तास ते त्यांनाच विचार, लहान मांजराला फार वेळ उपाशी ठेवत नाहीत. पिंजरा पडल्याबरोबर वरून जाड चादर टाक. अंधार झाला की ते धडपडायचं थांबतं. हात आत घालायचा नाही, कितीही ओळखीचं असलं तरी. भूल असतानाच कानाचं टोक थोडं कापायला सांग. लांबून ओळखता येतं आणि तेच जनावर पुन्हा पकडलं जात नाही. रेबीजची लसही त्याच वेळी देऊन घे. ऑपरेशननंतर भाटीला पूर्ण शुद्ध येऊन ती खायला लागेपर्यंत सोडू नकोस. उबदार, कोरड्या जागी ठेव.

काळी-पांढरी दूध पाजतेय का ते आधी बघ. पाजत असेल तर पिल्लं आपणहून खायला लागेपर्यंत थांब, त्यापुढे मात्र एक आठवडाही दवडू नकोस. पिल्लं एकटी दिसली म्हणून उचलून घरी आणू नकोस. व्यालेली मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, ती त्यांना हलवत असते किंवा खायला गेलेली असते. लांबून वाट बघ.

खाण्याचं: दूधभात बंद कर. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, ढाळ लागतात, आणि तीच घाण लोकांच्या डोळ्यांवर येते. मांजराला मांस-मासळीच लागते. त्यातलं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य मिळालं नाही तर डोळे आणि हृदय निकामी होतं. बाजारात कोळणीकडे मासळीची डोकी माग, उकडून काटे काढ, मीठ-मसाला, कांदा-लसूण काही नको. जमेल तेव्हा मांजरांचं तयार कोरडं खाद्य दे, कुत्र्यांचं चालत नाही. पाणी मात्र दिवसभर असू दे. आणि एक कधीही विसरू नकोस: ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नकोस. अर्धी गोळीही जीव घेते.

खालच्या मजल्यावरची ती मुलगी गरोदर आहे आणि तिला भीती वाटते, असं लिहिलंस. तिच्या भीतीला हसू नका. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा संसर्ग होऊ शकतो, आणि तो पोटातल्या बाळाला बाधू शकतो. पण विष्ठेतला जंतू बाधक व्हायला निदान एक दिवस तरी लागतो. तू हातमोजे घालून रोजच्या रोज साफ केलंस तर धोका फार कमी होतो. तिच्या दारापुढची जागाही तूच बघ, तिला झाडू धरायला लावू नकोस. कच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही हा संसर्ग होतो, हे तिला तिच्या डॉक्टरांकडून कळू दे.

तुला कधी चावलं किंवा ओरबाडलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धू आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. सरकारी रुग्णालयात मिळते. 'आपलंच मांजर आहे' म्हणून टाळाटाळ करायची नाही.

आईने दोन जुन्या जाड चादरी धुऊन ठेवल्यात. नसबंदीच्या खर्चातला निम्मा भाग माझा, त्यावर वाद घालू नकोस. डॉक्टरांकडून तारीख घे आणि कळव, मी आदल्या दिवशी येतो. भरलेला पिंजरा जिन्यावरून उतरवायला दोन माणसं लागतात.

तुझा,
बाबा