बाहेर पडू नका म्हणताय, पण ऊन घरातच आलंय

संपादक साहेब, नमस्कार.

उष्णतेची लाट आली की तुमच्या पेपरात ठरलेली चौकट येते, दुपारी बाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या. आमच्या सासूबाई तीन वर्षं झाली बाहेर पडलेल्याच नाहीत, अर्धांगवायू झाल्यापासून अंथरुणावर आहेत आणि आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. दिवसभर स्लॅब तापतो आणि रात्री ती सगळी धग खोलीत सोडतो. त्यांच्या उशाशी मी थर्मामीटर टांगलाय, परवा रात्री अकराला त्यात ३६ होतं, तेव्हा बाहेर जरा वारा तरी होता.

पाणी प्या म्हणणं सोपंय हो. त्यांना गिळताना ठसका लागतो म्हणून पाण्यात पावडर घालून ते घट्ट करायचं, मग चमच्या चमच्याने पाजायचं, एक ग्लास संपायला अर्धा तास. त्यात वयामुळे तहान कळत नाही, शिवाय लघवीच्या गोळ्या चालू आहेत, त्याने अंगातलं पाणी अजून कमी होतं, आणि डायपर बदलायला लावायला नको म्हणून त्या मुद्दाम तोंड मिटून घेतात (हे कुठल्या माहितीपत्रकात वाचलं नाही मी कधी). गोळी उन्हाळ्यात कमी करायची का हे डॉक्टरांना आम्हीच विचारलं, आपणहून कोणी सांगितलं नव्हतं.

फॅनचंही तसंच. हवा कातडीपेक्षा गरम झाली की तो गरमच हवा फेकतो, म्हाताऱ्या माणसाला घामही कमी येतो, त्यामुळे आम्ही हातापायावर ओलं फडकं ठेवून मग फॅन लावतो. झोपून झोपून जखमा होऊ नयेत म्हणून पाठीखाली लाइटवर हवा भरणारा एअरबेड, तो प्लॅस्टिकचा, पाठ ओली राहते, कातडी मऊ पडते, म्हणून दोन तासांनी कूस बदलायची ती आता दीड तासावर आलीये. आणि लाइट गेली की एअरबेड बसतो. ज्यांच्याकडे ऑक्सिजनचं मशीन आहे त्यांचं काय होत असेल, ते मशीन स्वतःच खोली तापवतं आणि लाइटीशिवाय चालतही नाही.

कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२१ च्या लाटेत ६१९ माणसं गेली, त्यातली ९८ टक्के घराच्या आत, बहुतेक वयस्कर, निम्म्याहून जास्त एकटी राहणारी. म्हणजे रस्त्यावर पाणपोई आणि बागेत सावली हे सगळं चांगलंच आहे, पण ही माणसं तिथपर्यंत पोचणारच नाहीत. त्यांच्यापर्यंत कोणीतरी जायला पाहिजे.

आमच्याकडे येणारी मावशी भर उन्हात बसने येते, ग्लोव्हज घालून माणूस उचलते, दोनदा तिलाच चक्कर आली. उन्हात काम करणाऱ्यांच्या यादीत ती नाही कारण ती घरात काम करते!

माझं म्हणणं एवढंच, अंथरुणावरच्या माणसांची वॉर्डवार यादी करा, लाटेच्या दिवसांत रोज एक फोन करा, ज्या घरात मशीन आहे तिथे लाइट घालवायच्या आधी कळवा, वरच्या मजल्यांच्या गच्च्यांना पांढरा रंग द्यायला मदत करा. आणि तुम्ही त्या चौकटीत एक ओळ वाढवा, घरात कोणी झोपून असेल तर रात्री त्या खोलीत थर्मामीटर बघा.

आपली एक वाचक