महसूलमंत्री महोदय, आमच्या ओढ्याला त्याचं नाव द्या

प्रति,
मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम जय भीम.

गेल्या वैशाखात आम्ही गावाकडे एक एकर रान विकत घेतलं. ज्या बांधावर आजोबांनी दुसऱ्यासाठी गवत कापलं, तोच बांध वडिलांच्या नावावर होणार होता. दस्तलेखक खरेदीखत वाचून दाखवत होता. गट नंबर झाला, आकार झाला, मग चतुःसीमा आली. "पूर्वेस महारओढा." तेवढ्या शब्दापुरता त्याचा आवाज खाली गेला. मी म्हटलं, नुसतं 'ओढा' लिहा की. तो म्हणाला, "ताई, नकाशात आहे तेच लिहायला लागतं. उद्या हद्दीवरनं वाद झाला तर?" त्याचं काही चुकलं नव्हतं. वडिलांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि मशीनवर अंगठा ठेवला. आयुष्यभर शाळेत मुलं शिकवलेला माणूस. आपल्या पहिल्या जमिनीच्या कागदावर त्याला हे वाचावं लागलं.

हे नाव कसं पडलं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. वरच्या अंगाला गावाचा पाणवठा. तिथं गुरं धुतलेलं, धुणी धुतलेलं पाणी खाली वाहत यायचं आणि त्यातून आमच्या बायकांनी घागरी भरायच्या. ओढा आमचा होता म्हणून ते नाव पडलं नाही. वर आम्हाला बंदी होती म्हणून पडलं. पुढे मोजणीवाले आले, त्यांनी गावाच्या तोंडी होतं ते नकाशावर चढवलं. मुंबई इलाख्यातली ही जमीनमोजणी 1836च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून सुरू झाली. तेव्हाच्या तोंडचे शब्द आज सरकारी शिक्क्याखाली आहेत.

डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्या आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. चांगला निर्णय होता, त्याबद्दल मनापासून आभार. पण तो वस्त्यांचा आणि रस्त्यांचा होता. ओढे, टेकड्या, खिंडी, तळी तशीच राहिली, कारण तिथं कुणाचं घर नाही आणि पाटीही नाही. ती नावं फक्त कागदावर भेटतात, आणि ते कागद आपल्या खात्याचे आहेत.

कागदावरचा निर्णय गावात उतरायला किती वेळ लागतो हे आम्हाला नवीन नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली झाला. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. तरी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना माणसं घेऊन तळ्यावर जावं लागलं, आणि कोर्टातला शेवटचा निकाल यायला 1937 उजाडलं.

अमेरिकेतलं एक उदाहरण आपल्यापुढे ठेवते. तिथे मूळ रहिवासी बायकांना हिणवणारा एक शब्द कितीतरी डोंगरांना, ओढ्यांना, खोऱ्यांना चिकटलेला होता. डेब हालंड या मूळ रहिवासी समाजातल्या बाई अंतर्गत खात्याच्या मंत्री झाल्या. त्यांनी नोव्हेंबर 2021 मध्ये तो शब्द अवमानकारक ठरवला, त्या त्या जमातींना विचारलं, आणि सप्टेंबर 2022 पर्यंत जवळपास 650 ठिकाणांची नावं बदलली. एक वर्षही लागलं नाही.

आपल्याकडे तर गावनकाशे संगणकावर चढले आहेत. महाभूनकाशावर आपला गट कुणालाही घरबसल्या बघता येतो. म्हणजे जुन्या कागदावरचं नाव आता नव्या पडद्यावर पक्कं होत चाललं आहे. बदलायचं तर आत्ताच.

यावर आमच्यातही एकमत नाही, हे सांगायला हवं. माझी चुलती म्हणते, राहू दे गं, आपण इथं होतो याची तेवढीच खूण. तिचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. महाडजवळ चांभारखिंड गाव आहे, वर चांभारगड आहे. त्या गडाला महेंद्रगड असंही म्हणतात. कुठलं नाव ठेवायचं ते तिथल्या माणसांनी सांगावं, मी नाही. म्हणून मंत्रालयातून एकच यादी काढून सगळीकडे लावू नका. ग्रामसभेत विषय घ्या, आणि ज्यांच्या जातीचं नाव आहे त्यांचं म्हणणं आधी ऐका. जुनं नाव खोडू नका, 'पूर्वीचे नाव' असा रकाना करून तिथं ठेवा. जुनी खरेदीखतं जुळतील आणि चुलतीची खूणही राहील.

आणि कृपा करून आमच्या ओढ्याला कुठल्या पुढाऱ्याचं नाव देऊ नका. काठावर तीन करंज आहेत. बायका कधीपासून त्याला करंजाचा वढा म्हणतात. वडिलांचा सातबारा निघाला आहे. खरेदीखताला चूकदुरुस्ती लेख जोडायची आमची तयारी आहे. नकाशा तेवढा आपण दुरुस्त करून द्या.

आपली,
एक खातेदाराची मुलगी, सातारा जिल्हा