व्याह्यांना सांग, फिस्टुला आत्ताच करा

नागपूर, मंगळवार

चि. सौ. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर म्हणालीस, मामंजींचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं थकली की रक्तात साचणारा कचरा) वाढलंय, डॉक्टर हातात फिस्टुला करून घ्या म्हणतात आणि ते म्हणतात, "डायलिसिसच्या, म्हणजे रक्त गाळायच्या मशीनवर जायची वेळ आली की बघू." अगं, हे वाक्य माझंच आहे. बाबा शेजारी बसले होते म्हणून तेव्हा बोलले नाही.

मला डॉक्टरांनी मार्चमध्ये सांगितलं होतं. हातातली धमनी आणि शीर जोडतात, धमनीच्या जोराने शीर हळूहळू जाड होते, मग तिच्यात डायलिसिसच्या सुया घालता येतात. त्याला दीड-दोन महिने लागतात, कुणाला तीनही. वेळ आल्यावर केलेला फिस्टुला त्या वेळी कामाला येतच नाही. मी म्हटलं, दसऱ्यानंतर बघू. खरं कारण बांगड्या. त्या हातात घट्ट काही चालत नाही, आणि सवाष्णीने डावा हात रिकामा ठेवायचा हे मला पटेना. जुलैत एका रात्री छातीत पाणी भरलं. घाईघाईने मानेत नळी टाकली, आठवड्याने छातीवरून पर्मकॅथ, म्हणजे जास्त दिवस टिकणारी नळी, बसवली. फिस्टुला ऑगस्टमध्ये झाला, पण तो पिकेपर्यंत कारभार त्या नळीवरच.

त्या नळीचं एक टोक बाहेर आणि दुसरं थेट हृदयापाशी. सुईचं भोक बुजतं, नळीची वाट मात्र चोवीस तास उघडी. म्हणून तर तिथली पट्टी कोरडी ठेवा म्हणून बजावतात. आणि मी काय केलं? महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी डोक्यावरून न्हाले. सोळा भाज्या, आंबील, पुरणाचा स्वयंपाक, आणि पारोश्या केसांनी उभी राहू? वरून भादव्यातला घाम. पट्टी एका बाजूने सुटली, ती मी घरीच चिकटपट्टीने दाबून टाकली. कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझी डायलिसिसची पाळी. टेक्निशियन पोरगा शेजारच्या पलंगावरून आला आणि त्याच हातमोज्यांनी माझी नळी उघडायला लागला. तोंडाला मास्क नाही, त्याच्याही आणि माझ्याही. मला दिसत होतं. पण पोरगा भला, "काकू, काकू" करायचा, त्याला चारचौघांत कसं टोकायचं? ओल्या पट्टीचंही सांगितलं नाही, रागावतील म्हणून. भीड भिकेची बहीण म्हणतात. मशीन सुरू होऊन अर्धा तास झाला नाही तर अशी हुडहुडी भरली की दोन ब्लँकेटं पुरेनात. जंतू रक्तात गेले होते. पट्टीतून गेले की हातमोज्यांतून, ते डॉक्टरही सांगू शकले नाहीत. नळी काढली, दुसऱ्या बाजूने नवीन टाकली, अँटिबायोटिकची इंजेक्शनं तीन आठवडे. हे जंतू हृदयाच्या झडपेवर, मणक्यात जाऊन बसतात, हे मला नंतर कळलं. माझ्या नशिबाने तिथवर गेलं नाही.

पुढे फिस्टुला तयार झाला आणि नळी निघाली, तेव्हा मी खरी सुटले. मी सोमवार, बुधवार, शुक्रवार जाते. सुया लागायच्या आधी हात साबणाने धुते, सिस्टरने औषध लावलं की ते वाळेपर्यंत थांबते, मग तिथे बोट लावत नाही. आणि आता मी टोकते. "बेटा, हातमोजे बदल," एवढंच, पण दर वेळी. एक-दोघी मला खडूस म्हणतात, म्हणोत बाप्पा. त्या हातावर ब्लडप्रेशर घेऊ देत नाही, रक्त काढू देत नाही. मागे लॅबचा मुलगा डावाच हात धरायला निघाला होता. सुईची खपली खाजवत नाही. डाव्या कुशीवर झोपणं सुटलं. बांगड्या बाबांनी स्वतः उतरवल्या, साबण लावून, एकही न फोडता. आता सगळ्या उजव्या हातात वाजतात.

सकाळी उठले की आधी फिस्टुलावर बोटं ठेवते. पिठाची गिरणी चालू असताना तिच्या भिंतीला हात लावला की जशी थरथर लागते ना, तशी लागते. ती थांबली तर पुढच्या पाळीची वाट बघायची नाही, त्याच घडीला दवाखाना गाठायचा. हात लाल झाला, दुखला, पू आला, ताप आला तरी तेच.

हिपॅटायटिस बी ची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची, लसही मामंजींना आत्ताच सुरू करायला सांग. डायलिसिसवाल्यांना दुप्पट डोस देतात, माझे चार झाले, सहा महिन्यांत. मशीनवर जायच्या आधी घेतली तर ती अंगी जास्त लागते. बाकी पाण्याचं, मिठाचं, पोटॅशियमचं पथ्य डॉक्टर सांगतीलच. नागपूरच्या मेमध्ये घोट मोजून पाणी पिणं काय असतं, ते मी भेटीत सांगेन.

फोनवर ते ऐकायचे नाहीत. रविवारी त्यांना अमरावतीहून इकडेच घेऊन ये. माझ्या हातावर बोटं ठेवून गिरणी बघू देत. विहिणीच्या हाताला हात लावायला लाजतील, तर म्हणावं, ती भीडच मोडायला बोलावलंय. येताना संत्री मात्र आणू नकोस. मला चालत नाहीत, आणि बाबा माझ्यासमोर बसून खातात.

तुझी,
आई