हीट पंप नसलेली गाडी आम्हाला थंड प्रदेशात का विकली?

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : इलेक्ट्रिक गाडीची थंडीतली रेंज व चार्जिंग यांबाबत विक्रीच्या वेळी दिलेली चुकीची माहिती आणि सर्व्हिस सेंटरकडून मिळालेली उत्तरे

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीची इलेक्ट्रिक गाडी मी पंधरा महिन्यांपूर्वी घेतली. पहिला हिवाळा गप्प बसून काढला. गाडी नवी होती आणि आपलंच काही चुकत असेल असं वाटत होतं. या हिवाळ्यात मात्र रोज वहीत नोंद ठेवली : बाहेरचं तापमान, निघताना बॅटरी किती टक्के, पोचल्यावर किती, मध्ये किती किलोमीटर झाले. हे पत्र त्या वहीवरून लिहीत आहे.

थंडीत रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जेवढं अंतर जाते ते, कमी होते, ही माझी तक्रार नाही. थंडीत बॅटरीतलं इलेक्ट्रोलाइट (आतलं द्रावण) दाट होतं, लिथियमचे आयन सावकाश सरकतात, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता माणसांना ऊब द्यायला आयती मिळते, इथे ती ऊबही बॅटरीतूनच काढावी लागते. हे मी वाचलं, समजून घेतलं आणि मान्य केलं. माझी तक्रार अशी की आपल्याला हे सगळं ठाऊक होतं आणि मी थेट विचारूनही मला ते सांगितलं गेलं नाही.

शोरूममध्ये मी विचारलं होतं, "आमच्याकडे हिवाळ्यात पारा उणे पंधरापर्यंत उतरतो. तेव्हा गाडी किती चालेल?" उत्तर मिळालं, "दहा-पंधरा टक्क्यांचा फरक पडेल." हीट पंप (कमी विजेत गाडी आतून गरम ठेवणारी यंत्रणा) असलेलं मॉडेल आणि नसलेलं मॉडेल यांत फरक काय, हेही विचारलं. त्यावर आपले विक्रेते म्हणाले, "त्याने एसी जरा चांगला चालतो. तुमच्याकडे कुठे एवढा उन्हाळा असतो?" त्या एका वाक्यावर विसंबून मी हीट पंप नसलेली गाडी घेतली. माझ्यासारख्या गिऱ्हाइकाने जी वस्तू सर्वांत आधी घ्यायला हवी होती, ती मला अनावश्यक म्हणून सांगण्यात आली.

माझ्या गाडीतला साधा हीटर एक युनिट वीज खाऊन जास्तीत जास्त एक युनिट उष्णता देतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो, त्यामुळे शून्याच्या आसपास तेवढ्याच विजेत दोन-तीन युनिट ऊब मिळू शकते. कडाक्याच्या थंडीत हा फायदा घटतो, हे खरं. पण आमच्या हिवाळ्याचे बहुतेक दिवस शून्य ते उणे आठ यांच्यातले असतात, म्हणजे नेमके हीट पंप उपयोगी पडण्याचे.

आता वहीतले आकडे. गाडीच्या बॅटरीत वापरता येण्याजोगी ५८ युनिट वीज मावते. उन्हाळ्यात १०० किलोमीटरला १५ युनिट लागतात, म्हणजे माहितीपत्रकातली ४०० किलोमीटरची रेंज जवळजवळ मिळते. उणे दहाला हायवेवर १०० किलोमीटरला २५-२६ युनिट लागले. रेंज २३० च्या आत आली. घरापासून कामापर्यंतच्या सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत तर हिशेब १०० किलोमीटरला ३८ युनिटांवर गेला, कारण प्रत्येक फेरीला थंडगार पडलेली गाडी पहिल्यापासून तापवावी लागते. याला दहा-पंधरा टक्क्यांचा फरक कसा म्हणायचं?

यातलं काहीही नवं नाही. ट्रिपल-ए या अमेरिकी मोटार संघटनेने २०१९ मध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्या उणे सात अंशांच्या आसपास तपासल्या. हीटर बंद असताना रेंज सरासरी १२ टक्के घटली आणि हीटर लावल्यावर ४१ टक्के. नॉर्वेतली मोटारचालकांची संघटना हिवाळ्यात गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून प्रत्येक मॉडेलचे आकडे जाहीर करते. आपल्या माहितीपत्रकातला ४०० चा आकडा डब्ल्यूएलटीपी या प्रमाणित चाचणीचा आहे. ती चाचणी २३ अंशांना, हीटर आणि एसी बंद ठेवून होते. हे तिथे बारीक अक्षरातसुद्धा छापलेलं नाही.

ज्या दिवशी माझा धीर सुटला, तो दिवस सविस्तर सांगते. वडिलांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि तपासणीसाठी १९० किलोमीटरवरच्या रुग्णालयात सकाळी अकराला पोचायचं होतं. वडील ७८ वर्षांचे आहेत. बाहेर उणे १४ होतं, गाडी रात्रभर उघड्यावर उभी होती. निघताना बॅटरी ९० टक्के आणि डिस्प्लेवर आकडा ३४० किलोमीटर. मी त्या आकड्यावर भरवसा ठेवला. आपण लावलेल्या मीटरवर नाही तर कशावर ठेवायचा? साठ किलोमीटर गेल्यावर बॅटरी ६० टक्क्यांवर आली. मी हीटर बंद केला. दहा मिनिटांत समोरची काच आतून धुरकटली आणि कडेने बर्फ धरू लागला. रस्ता दिसेना, म्हणून हीटर पुन्हा लावावा लागला. मागे वडील शाल आणि दोन ब्लँकेटं घेऊन बसले होते. ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

१३० किलोमीटरवर, २५ टक्के उरले असताना, जलद चार्जर मिळाला. चार्जरवर वीज भरण्याचा वेग १५० किलोवॉट लिहिलेला होता. गाडी २८ किलोवॉटच्या वर गेलीच नाही. माहितीपत्रकात १० ते ८० टक्के अर्ध्या तासात होईल असं आहे. आम्ही पाऊण तास थांबलो आणि कसेबसे ६० टक्क्यांपर्यंत आलो. तपासणीची वेळ टळली. डॉक्टरांनी दुपारी बघितलं, हे त्यांचे उपकार.

सर्व्हिस सेंटरने आधी सांगितलं की चार्जर खराब असेल. मी दुसऱ्या ठिकाणी गेले, तिथेही तेच. मग सांगितलं, "थंडीत असंच होतं, हीटर कमी वापरा." धुरकटलेल्या काचेतून गाडी चालवण्याचा सल्ला कंपनीच्या अधिकृत केंद्राने दिला, याची आपण गंभीर दखल घ्यावी.

खरं कारण मी स्वतः शोधलं. थंड बॅटरीत जोराने वीज भरली तर आतल्या ग्रॅफाइटवर लिथियमचा धातू साचतो आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं, म्हणून गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग आवरते. हे योग्यच आहे. त्यावर उपाय म्हणून चार्जरवर पोचण्याआधी बॅटरी गरम करायची सोय माझ्या गाडीत आहे. पण गाडीच्या स्वतःच्या नकाशात तो चार्जर मुक्कामाचं ठिकाण म्हणून टाकला तरच ती चालू होते. मी मोबाईलवरचा नकाशा वापरत होते. गाडीच्या नकाशात चार्जर टाकून पुढच्या वेळी गेले, तेव्हा उणे नऊला त्याच चार्जरवर ८४ किलोवॉट मिळाले. एवढी मोठी गोष्ट गाडी हातात देताना कोणी सांगितली नाही, पुस्तिकेत ती नॅव्हिगेशनच्या प्रकरणात दोन ओळींत दडलेली आहे आणि सर्व्हिस सेंटरच्या माणसालाही माहीत नव्हती. आणि आपल्या नकाशात नसलेला चार्जर असेल तर काय करायचं? बॅटरी गरम करायचं एक साधं बटण डिस्प्लेवर द्यायला काय अडचण आहे?

आणखी एक गोष्ट, आणि ती रेंजपेक्षा महत्त्वाची आहे. एरवी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी मोटरच्या जोरावर आपोआप मंदावते आणि ती वीज बॅटरीत परत जाते. बॅटरी गार असली की ती ही वीज फारशी घेत नाही, आणि गाडी नेहमीइतकी मंदावतही नाही. हिवाळ्यातल्या पहिल्या काही किलोमीटरांत, रस्त्यावर बर्फ असताना, गाडी सवयीपेक्षा वेगळी वागते. त्याची सूचना म्हणून डिस्प्लेच्या कोपऱ्यात नखाएवढं चिन्ह येतं. मी एकदा चौकात पुढच्या गाडीपासून हातभर अंतरावर थांबले. ब्रेक वेळेत दाबला म्हणून वाचले. ही सूचना मोठी आणि आवाजासह असायला हवी.

घरच्या चार्जिंगबद्दल थोडक्यात. "साधा प्लग पुरेल" असं शोरूममध्ये सांगितलं होतं. साध्या प्लगमधून २.३ किलोवॉट मिळतात आणि कडक थंडीत त्यातला बराच भाग बॅटरी तापवण्यातच जातो. शेवटी ११ किलोवॉटचा चार्जर भिंतीवर बसवून घेतला.

गाडी मला आवडते, हेही नोंदवते. पेट्रोलची जुनी गाडी थंडीत रुसायची, ही एकदाही रुसली नाही. चार्जिंगला लावलेली असताना सकाळी घरातूनच आतली हवा तापवता येते, काचेवरचा बर्फ आपोआप वितळतो, आणि ती वीज बॅटरीतून जात नाही. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या दहा गाड्यांपैकी जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या. थंडीत इलेक्ट्रिक गाडी चालत नाही, असं मी कधीच म्हणणार नाही. म्हणूनच "थंडीत असंच होतं" हे उत्तर मला मान्य नाही.

माझी मागणी मुख्यतः गाडीच्या बदलाची आहे. हीट पंप मागाहून बसवता येत नाही, असं आपल्या केंद्राने सांगितलं आहे. तेव्हा माझी गाडी परत घेऊन हीट पंप असलेलं मॉडेल द्यावं आणि माझ्याकडून केवळ दोन मॉडेलांच्या मूळ किमतीतला फरक घ्यावा. चुकीच्या माहितीवर घेतलेल्या गाडीच्या किमतीतली पंधरा महिन्यांची घट माझ्या माथी मारू नये. बॅटरी गरम करायचं बटण आणि ब्रेकिंगची स्पष्ट सूचना पुढच्या सॉफ्टवेअर अपडेटमध्ये सर्वच ग्राहकांना द्यावी, आणि डिस्प्लेवरचा रेंजचा आकडा निघतानाच बाहेरचं तापमान धरून दाखवावा. माहितीपत्रकात शून्य आणि उणे दहा अंशांची रेंज हीटर चालू ठेवून मोजलेली छापावी. ती छापलेली असती, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

वहीच्या पानांच्या प्रती, दोन्ही वेळच्या चार्जिंगच्या पावत्या आणि डिस्प्लेचे फोटो सोबत जोडले आहेत. उत्तर ३० दिवसांत आणि लेखी द्यावे. आतापर्यंतची सगळी उत्तरे फोनवर मिळाली आहेत आणि त्यातलं एकही टिकलेलं नाही.

आपली विश्वासू,
एक ग्राहक