सरांना इतक्यात सांगू नकोस

प्रिय नंदे,

तब्येत ठीक. पाठ दुखते, डोळ्यांचा नंबर वाढलाय, आपल्या धंद्यात ते धरूनच चालायचं. तुझ्या मेलला उत्तर राहिलंय, त्याबद्दल भेटल्यावर हवं तेवढं बोल. आज लिहायचं कारण म्हणजे काल एक ऑफर आली. घरात सांगितली तर सगळे म्हणाले, "पगार बरा आहे, नोकरी कायमची आहे, मग अडलंय कुठे?" कुठे अडलंय ते त्यांना समजावता येईना. तुला समजवावंच लागणार नाही.

ऑफर फॅसिलिटीची आहे. हो, मायक्रोस्कोपी फॅसिलिटी, सगळ्या लॅबसाठी मायक्रोस्कोप सांभाळणारी. आणि संस्था तीच, जिथल्या ग्रुप लीडरच्या, म्हणजे स्वतःच्या लॅबच्या, जागेसाठी मी कधीपासून रिसर्च प्लॅन घासत बसलेय. त्यांच्या जाहिरातीत दोन्ही जागा एकाखाली एक होत्या. वर ज्युनियर ग्रुप लीडर, 5 वर्षं, आढावा चांगला झाला तर आणखी 4. खाली सीनियर इमेजिंग सायंटिस्ट, कायम. खालचा अर्ज मी एका संध्याकाळी तिरीमिरीत भरून टाकला. वरचा अजून अर्धाच आहे. खालच्या जागेचं येत्या शुक्रवारपर्यंत कळवायचंय आणि वरच्याची मुदत त्यानंतर संपते. एकीकडे हो म्हणून दुसरीकडे अर्ज टाकायला नियम आड येत नाही, पण त्याच इमारतीत, त्याच माणसांसमोर ते कसं दिसेल ते तूच सांग.

मुलाखतीचं ऐक आधी. समोर दोन ग्रुप लीडर आणि निवृत्तीला आलेले फॅसिलिटीचे प्रमुख. मला वाटलं होतं, प्रेझेंटेशन होईल, मग नेहमीचे प्रश्न. त्यांनी मला थेट अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथे पीएचडीच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी कन्फोकल मायक्रोस्कोपसमोर चेहरा पाडून बसली होती. प्रमुख म्हणाले, "हिची चित्रं धूसर येतात. पाऊण तास आहे. बघा." बस्स, एवढंच.

मी तिला विचारलं, आत्तापर्यंत काय काय बदलून पाहिलंस? अँटिबॉडी बदलली होती, फिक्सिंगची वेळ बदलली होती, प्रयोगाच्या माश्यांची नवी पिढी वाढवली होती. बिचारी महिनाभर स्वतःच्याच हाताला दोष देत होती. मी कव्हरस्लिप पाहिली: बरोबर, 0.17 मिलिमीटरची. पिनहोल ठीक, लेझर ठीक. मग 63एक्सच्या, तेल लावून वापरायच्या ऑइल लेन्सवर गेले तर चित्र लख्ख. परत 20एक्सच्या, तेल न लावायच्या ड्राय लेन्सवर आले की धुकं. नंदे, तोवर तुला कळलंच असेल. मी 20एक्स फिरवून काढली, आयपीस उपसून उलटा धरला, भिंगासारखा, आणि लेन्सचं तोंड पाहिलं. काठापासून मध्यापर्यंत तेलाचा पातळ पापुद्रा, आणि त्यावर इंद्रधनुषी कोर. लेन्स पेपर, दोन थेंब क्लीनर, एकाच दिशेने पुसायचं, घासायचं नाही. लेन्स परत लावली. पडद्यावर पेशींच्या कडा एकेक करून उठून दिसायला लागल्या. ती मुलगी म्हणाली, "म्हणजे माझा प्रयोग बरोबर होता?" तिच्या आवाजाला जे झालं ना, ते मी बरेच दिवस विसरणार नाही.

आयपीस उलटा धरायची युक्ती मला कोणी शिकवली ते मी मुलाखतीत सांगितलं नाही. आणि आपल्या लॅबमध्ये 40एक्सच्या ड्राय लेन्सला तेल कोणी फासलं होतं, तो विषयही आज नको. (तू. लॉगबुकात त्या दिवशी शेवटची सही तुझी आहे. तू अजून त्या लांबूचं नाव घेतेस, पण तो आठवडाभर रजेवर होता.)

तर त्या खोलीतून बाहेर आले तेव्हा मी खूश होते, आणि गोची नेमकी तिथेच आहे. रिसर्च प्लॅन लिहिताना मला असं कधी होत नाही. प्लॅनचा विषय तुला माहीत आहे, माशीच्या श्वासनलिकेच्या टोकाची पेशी. ती ब्रँचलेस नावाच्या, तिला ओढून नेणाऱ्या प्रथिनाच्या मागावर कशी जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे, थांबते कशी हा माझा प्रश्न. प्रश्न चांगला आहे, अजूनही आवडतो मला. पण मागच्या महिन्यात माझ्या प्लॅनमधला दुसरा उद्देश जवळजवळ तसाच्या तसा एका प्रीप्रिंटमध्ये, म्हणजे जर्नलच्या तपासणीआधीच नेटवर टाकलेल्या पेपरमध्ये, आला. दुसऱ्या खंडातला ग्रुप, आमची ओळखदेखही नाही. अशा वेळी माणसाने काय करावं? रडावं, चिडावं, आपल्या लॅबच्या सरांना फोन करावा. मी काय केलं असेल? त्यांचा तिसरा व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून पाहिला आणि मनात आलं, अरे, लेझर किती वाढवून ठेवलाय, अर्ध्या तासात सगळा सिग्नल जळून चाललाय, टोकाची पेशी "थांबली" म्हणतायत ती बहुतेक भाजलीय. त्यांना मेल लिहायला घेतला होता, लेझर कमी करा, डिटेक्टर बदला, दर दोन मिनिटांऐवजी दर पाच मिनिटांनी फ्रेम घ्या. मग भानावर आले. माझा प्रश्न दुसऱ्याने उचलला याचं दुःख व्हायच्या आधी त्यांच्या सेटिंगचं दुःख झालं. हे नॉर्मल आहे का? तू सांग.

आता सर. सर म्हणणार, "एवढी वर्षं घालवलीस ती दुसऱ्यांच्या स्लाइडी बघायला?" आणि मग ती जीएफपीची, त्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची गोष्ट. पाठ आहे आपल्याला. डग्लस प्रॅशर, 1992 मध्ये जीएफपीचं जनुक क्लोन केलं, पुढच्या कामाला ग्रँट मिळाली नाही, जनुक चाल्फी आणि त्सिएनना देऊन टाकलं. 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना, आणि प्रॅशर तेव्हा अलाबामात हंट्सव्हिलला गाड्यांच्या एका डीलरकडे ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. मग सर चष्मा काढून म्हणायचे, "म्हणून सांगतो, हातातलं सोडू नका." आणि तू, भर ग्रुप मीटिंगमध्ये, "पण सर, ज्याला ग्रँटच मिळाली नाही त्याने हातात धरायचं काय?" त्या दिवशी मी तुझ्यावर चिडले होते, कारण मीटिंग लांबली. प्रश्न मात्र बिनतोड होता. त्या माणसाने जनुक टपालाने पाठवलं नसतं तर आज आपल्या निम्म्या माश्या काळोखात असत्या. सर हे कधी सांगत नाहीत.

मी मनाची समजूत घालायला उलट बाजूची उदाहरणंही काढली. एरिक बेट्झिग संशोधन सोडून वडिलांच्या कंपनीत यंत्रं बनवत होते, मग परत आले, मित्राच्या दिवाणखान्यात मायक्रोस्कोप जुळवला आणि 2014 चं नोबेल. पण असली उदाहरणं म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाचा सल्ला. दिवाणखान्यात मायक्रोस्कोप जुळवून काहीच न मिळालेले किती असतील, त्यांचं नाव कोण घेतंय?

स्वतःच्या लॅबचंही आता तसं कुठे राहिलंय? आपल्याला वाटायचं, एकदा दारावर नाव लागलं की सुटलो. युरोपातल्या ईएमबीएल संस्थेत बहुतेकांचा मुक्काम 9 वर्षांच्या पुढे जात नाही. लंडनच्या क्रिक इन्स्टिट्यूटमध्ये नवे ग्रुप लीडर 6 वर्षांसाठी, मग फार तर आणखी 6. त्यामागचा विचार मला पटतो. तरुणाला पैसा द्या, यंत्रं द्या, शिकवायचं ओझं टाकू नका, बहरात आला की दुसरीकडे जाऊ द्या आणि त्याच्या जागी नवा आणा. विज्ञानासाठी उत्तम. माणसासाठी? पन्नाशीच्या अलीकडे पुन्हा अर्ज, पुन्हा फळ्यासमोर उभं राहून चॉक टॉक, पुन्हा तीन शिफारसपत्रं मागत फिरायचं, आणि या वेळी सोबत आपल्या भरवशावर आलेली चार पोरं. माझ्याच्याने होईल, होणार नाही असं नाही. पण मला ते हवंय का, हे मला आजवर कोणी विचारलंच नाही. तूही नाही, खरं म्हणजे. तू फक्त "हो ना, तू करशीलच" म्हणायचीस.

आईचं तर बोलायलाच नको. ती अजून सगळ्यांना सांगते, आमची मुलगी शिकून माश्या मारते.

खरं बोचतंय ते वेगळंच. फॅसिलिटीत गेलं की पेपरमध्ये नाव कुठे? शेवटी, आभारात, "यंत्रांसाठी अमुक फॅसिलिटीचे आभार". माणसाचं नावही नाही, खोलीचं. आता कोणी काय काम केलं ते सांगणाऱ्या कॉन्ट्रिब्यूटर रोलच्या यादीत 14 प्रकार आलेत, त्यात मेथडॉलॉजी आहे, व्हिज्युअलायझेशन आहे. काही जर्नलं ते छापतातही. पण आधी लेखकांच्या यादीत शिरायला नको का? मी मुलाखतीत विचारलं. एक ग्रुप लीडर म्हणाली, "नुसतं बुकिंग असेल तर आभार, प्रयोग तुम्ही आखला असेल तर लेखक." प्रमुख गालात हसले. त्यांच्या हसण्यावरून मला अंदाज आला.

आणि लेखकांच्या यादीवरून तू मला शिकवू नकोस. आपला तो पेपर. दोघींच्या नावावर तारा, खाली तळटीप: समान योगदान. तळटीप कोण वाचतं? सगळं जग त्याला "तुझं आडनाव आणि इतर" म्हणून ओळखतं. मी इतर. नाणं तूच उडवलंस, तूच झेललंस आणि मला न दाखवता खिशात टाकलंस. इतर होण्याचा सराव आहे मला, एवढंच म्हणते.

तुझं काय चाललंय? पेटंटच्या कामात त्या नव्या बाईंशी जमलं का? धाकट्याचा कान आता बरा ना? तू लॅब लवकर सोडलीस हे मी अजूनही म्हणते, एक वर्ष थांबायला हवं होतंस. पण सोडल्यावर तू एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस, आणि ते कसं जमलं ते कधीतरी सविस्तर लिही. फोटोत केस कापलेले दिसले. बरे दिसतात.

बरं, आता कामाचं. कराराचा मसुदा सोबत जोडलाय. मुलाखतीत प्रमुख तोंडी म्हणाले की 20 टक्के वेळ स्वतःच्या संशोधनाला मिळेल. हे मला हवंय, कारण टोकाची पेशी मी सोडणार नाहीये, निदान ती भाजलीय की थांबलीय एवढं तरी बघणारच. पण कलम 4 मध्ये लिहिलंय, "फॅसिलिटीच्या कामाच्या सोयीनुसार". फॅसिलिटीच्या कामाला सोय कधी असते? कॅलेंडर रात्री अकरापर्यंत भरलेलं असतं. आणि कलम 9 मध्ये लेखकत्वाबद्दल "प्रचलित पद्धतीप्रमाणे" एवढंच. तुझ्या त्या कोरड्या, पळवाट न ठेवणाऱ्या भाषेत दोन्ही कलमांना पर्यायी दोन-दोन ओळी लिहून दे. आठवड्यातला एक पूर्ण दिवस, बुकिंग कॅलेंडरवर बंद दाखवलेला, असं काहीतरी. त्यांनी ते मान्य केलं तर मी हो म्हणणार आहे. नाही केलं तरी बहुतेक हो म्हणेन, पण हे तू त्या ओळी लिहिताना विसर.

बुधवारपर्यंत पाठव.

तुझी,
शुभा

ता. क. पगार कलम 2 मध्ये आहे. हसू नकोस.